परसाखालचं खारं पाणी

३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नमस्कार, खुशाली, हवापाणी, जे जे आधी लिहायचं असतं ते सगळं लिहून झालं आहे असं समज, कारण मला सांगायची घाई झाली आहे. फोन केला असता, पण फोनवर तू फक्त "मोठ्याने बोल" एवढंच ओरडतेस आणि शेवटी दोघींचे घसे बसतात. तेव्हा पत्रच बरं.

आमच्या ऑफिसला तुमच्या गावाचं काम मिळालं आहे! समुद्राकडच्या विहिरी एकेक करून खारट व्हायला लागल्या आहेत, हे तूच कळवलं होतंस. आता जमिनीखाली गोडं पाणी कुठवर आहे आणि खारं कुठून सुरू होतं, ती सीमा शोधायची आहे, आणि तीही न खणता. त्यासाठी महिनाअखेरीला हेलिकॉप्टर येईल. त्याच्याखाली दोरांनी बांधलेलं एक भलंमोठं कडं लोंबकळत असेल, तुमच्या शाळेच्या वर्गात मावणार नाही एवढं. घाबरू नकोस. त्या कड्यात वीज सोडायची आणि झटकन बंद करायची. तसं केलं की खाली जमिनीत क्षणभर प्रवाह उमटतात आणि विरून जातात. खारं पाणी असेल तर ते रेंगाळतात, वाळू आणि गोडं पाणी असेल तर पटकन विरतात. ते विरणं वर टिपून घ्यायचं.

पुढचं काम माझं, आणि ते उलटं गणित आहे. आधी मी एक अंदाज धरते: वर एवढी माती, खाली एवढी वाळू, त्याखाली आणखी काही. असं खरंच असतं तर वर काय टिपलं गेलं असतं, ते कंप्युटर काढतो. प्रत्यक्षाशी जुळलं नाही की अंदाज थोडा बदलायचा आणि पुन्हा ताडून बघायचं, जुळेपर्यंत. गोम अशी की एकमेकांपासून अगदी वेगळे अंदाजही सारखेच छान जुळतात. म्हणून सुरुवात कुठून केली याला फार महत्त्व असतं. आणि दुसरी गोम म्हणजे लोखंड. तारांची कुंपणं, पत्रे असलं काही वाटेत आलं की सगळा घोळ होतो.

खाली चित्र काढलं आहे. दोन रेघा म्हणजे हेलिकॉप्टरच्या वाटा. मधला चौकोन म्हणजे तुझं घर.

खरं सांगू? मला एकच भीती वाटते. तुमच्या गल्लीखाली खारं पाणी निघालं तर तिथल्या विहिरी बंद करतील. नळ अजून तिथवर पोहोचलेला नाही. म्हणजे घर सोडण्यावाचून गत्यंतर नाही. आई तर आत्ताच म्हणते आहे, "आण तिला इकडे." मी तिला गप्प केलं. म्हटलं, मावशी तिचं घर, तिची विहीर आणि तिच्या कोंबड्या सोडून जन्मात यायची नाही. तू अजिबात काळजी करू नकोस. तुला तिथून कुणी हलवणार नाही. मी आहे ना.

तुझी,
भिंगरी


११ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा काही कळलं नाही, आणि दुसऱ्यांदा जे कळलं आहे असं वाटत होतं तेही गेलं. मग मी माझ्यापुरतं असं ठरवलं: वर्गाचं दार बंद आहे, मी बाहेर व्हरांड्यात उभी आहे, आणि नुसत्या आवाजावरून ओळखायचं आहे की आत पोरं कवायत करताहेत की मारामारी. बरोबर ना? व्यायामाची बाई म्हणून सगळी नोकरी मी हेच केलं. कितीदा चुकले ते फक्त मुख्याध्यापकांना ठाऊक आहे.

लोखंडाचं माझ्यावर सोड. कान गेले असले तरी शिट्टी शाबूत आहे आणि गल्लीतली निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेलेली आहेत. तुझ्या रेघांखाली एक खिळासुद्धा राहणार नाही. कसं ते विचारू नकोस.

शेजारची शिवणवाली गेली. मुलाकडे, कायमची. मशीन न्यायला टेम्पो आला होता. तेवढंच एक लोखंड कमी झालं, तुझ्या कामाला बरंच. संध्याकाळी पायरीवर बसायला आता जागा पुष्कळ झाली आहे. तिला माझ्याशी बोलायचं तंत्र जमलं होतं, ओठ हळू हलवायची. बाकीचे लोक ओरडतात आणि मग कंटाळून निघून जातात. असो.

तुमच्या नव्या घरी मी अजून आलेच नाही. कितवा मजला म्हणालीस? लिफ्ट आहे का? आपलं सहज विचारते. ताईचे गुडघे दुखतात ना, म्हणून.

मावशी


९ मार्च

प्रिय मावशी,

आईचे गुडघे आता ठीक आहेत, काळजी नको. शिवणवाल्या काकू मुलाकडे गेल्या हे वाचून बरं वाटलं. सुखात असतील.

हेलिकॉप्टर येऊन गेलं आणि त्याने टिपलेलं सगळं माझ्यापर्यंत पोहोचलं. गेला आठवडाभर मी त्यातच बुडाले आहे. बाकीचं गाव शहाण्या मुलासारखं जुळलं. वर माती, खाली वाळूचा जाड थर आणि त्यात गोडं पाणी, मग चिकणमातीचा एक थर, आणि त्याच्याही खाली, खूप खोल, खारं पाणी. समुद्राकडे जावं तसं ते वर वर येतं. रेघ कशी छान निघाली आहे. बघतच बसावी.

फक्त एका ठिकाणी काहीतरी विचित्र आहे, आणि ती जागा नेमकी तुझं परस निघावी, याला काय म्हणायचं! तिथे प्रवाह विरायचं नावच घेत नाहीत. म्हणजे तिथे वरच्या अंगालाच, विहिरीच्या तळाशी म्हण, काहीतरी असं आहे ज्यातून वीज आरामात जाते. आता ते नुसती चिकणमाती आहे की खारं पाणी, हे मला इथून सांगता येत नाही. गणिताला दोन्ही सारखीच दिसतात.

म्हणून विचारते. तुझ्या विहिरीचं पाणी अलीकडे वेगळं लागतं का? चाखून बघ आणि एक बाटली भरून पाठव, मी तपासून घेते. यात घाबरण्यासारखं काही नाही. (हे वाक्य मी दोनदा लिहून दोनदा खोडलं, पण शेवटी ठेवलं.)

तुझी,
भिंगरी


१७ मार्च

भिंगरे,

बाटली सोबत पाठवली आहे. झाकणाला चिकटपट्टी लावली आहे, ती काढताना नखं सांभाळ.

आता चवीचं. सकाळी बादली ओढली (पंप आहे, पण दंडाला व्यायाम हवा), पेला भरून प्यायले, गोड लागलं. दुपारी तुझं पत्र पुन्हा वाचलं. संध्याकाळी त्याच विहिरीचं पाणी खारट लागलं. माझीच जीभ बिघडली असेल म्हणून बेकरीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, गोड. सायकलवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणाल तसं." तो माझ्या वर्गात होता, त्याची साक्ष धरू नये. काल पुन्हा चाखलं, खारट. आज चहाही खारट. साखर वाढवली, तर गोड आणि खारट दोन्ही लागायला लागलं. तेव्हा तूच काय ते ठरव.

हेलिकॉप्टरचं सांगायचं राहिलं. ते तुझ्या चित्राप्रमाणे वागलं नाही. चौकोनाच्या दोन बाजूंनी जायचं सोडून सरळ माझ्या परसावरून गेलं. कोंबड्या पलंगाखाली. मी अंगणात उभी राहून शिट्टी मारमार मारली, हातवारे करून "डावीकडे! डावीकडे!" म्हणून दाखवलं, पण वरचा बाबा काही माझा विद्यार्थी नसावा. तर ते चालतं ना? न चालण्यासारखं काही असेल तर तू विचारशीलच.

आणि तुझ्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला आहे? खालचा रस्ता दिसतो का? माणसं जाता-येताना दिसतात का? लिफ्टचं तू सांगितलं नाहीस.

मावशी


२ एप्रिल

प्रिय मावशी,

हे पत्र लिहायला मी फार टाळाटाळ केली. कसं लिहू तेच कळेना.

वाट बदलली म्हणून तू काळजीत पडलीस, त्याचं आधी सांगते. शाळेमागे नवा मोबाइलचा मनोरा झाला आहे, त्याला वळसा घालायला वैमानिक तुझ्यावरून गेला. ते चालतं. उलट त्यामुळेच तुझ्या परसाखालचं कळलं. नसतं कळलं तर बरं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

मी सगळं करून पाहिलं. वाळू धरून सुरुवात केली, चिकणमाती धरून केली, खाली काहीच धरलं नाही असंही करून पाहिलं. एकेक थर ठळक वेगळा ठेवून पाहिला, मग सगळं हळूहळू बदलत जातं असं धरून पाहिलं. कुठूनही निघालं तरी गाडी त्याच ठिकाणी येते: तुझ्या परसाखाली खारं पाणी वर चढलेलं आहे. चिकणमाती एवढी वीज नेऊच शकत नाही. आणि आमच्या गणिताला आम्ही एक अट घालतो, की शेजारशेजारच्या जागा एकदम वेगळ्या असू नयेत, कारण जमीन सहसा अशी टुणकन बदलत नाही. त्यामुळे ते खारं पाणी दोन्हीकडे पसरून अख्खी गल्ली व्यापतं.

बाटलीतलं पाणी मात्र गोड निघालं. स्वच्छ गोड. तुला खारट लागतं ते मनाने. बिचारी तू, घर जाण्याच्या धास्तीने तुझ्या तोंडची चव गेली आणि त्याला कारण माझं पत्र. पण आज गोड आहे म्हणून उद्या राहील असं नाही, असं साहेब म्हणतात. मलाच काही समजेनासं झालं आहे. खाली खारं, वर गोड, आणि मध्ये त्याला अडवणारं काहीच नाही, मग ते इतकी वर्षं थांबलं कसं? साहेबांना विचारलं तर म्हणाले, "निसर्ग आहे." हे काय उत्तर झालं?

महिनाअखेर आमचा नकाशा सरकारकडे जाईल. त्यात तुमची गल्ली लाल असेल. लाल म्हणजे विहिरी बंद.

मावशी, तुला आमच्याकडे यावं लागेल. तुला तिथून कुणी हलवणार नाही असं म्हणाले होते आणि हलवणारी मीच निघाले. तुझ्यावर काय बेतलं आहे ते मला कळतं. रागाव, भांड, शिट्टी मार, पण गप्प बसू नकोस. मी इथे ऑफिसच्या जिन्यात बसून रडून आले आहे.

तुझी,
भिंगरी


१० एप्रिल

भिंगरे,

जिन्यात बसू नकोस, लोकांच्या पायात येशील.

मी रडत नाही. रागावलेही नाही. यायचं तर यायचं. पाणीच खारट झालं तर माणूस काय करणार? कुणीही हेच म्हणेल. बेकरीवालाही म्हणाला, "बाई, तुमचा नाइलाज आहे." मी म्हटलं, हो ना, नाइलाजच आहे. गल्लीत सगळ्यांना तसंच सांगितलं आहे.

कोंबड्या सायकलवाल्याच्या बायकोला दिल्या. त्यातली तांबडी जरा तापट आहे, तिची समजूत काढून दिली. दोन बॅगा भरल्या. तुझ्या काकांची आरामखुर्ची आणू का? जागा नसेल तर राहू दे. तुमच्या गच्चीवर सकाळी शिट्टी वाजवलेली चालते का, की शेजारी ओरडतात? ओरडले तरी मला ऐकू येणार नाही म्हणा. लिफ्टचं मात्र कळव.

आवराआवरीत परसाचाही निकाल लावला. केवढं सामान साठलं होतं! तुला सांगितलं नव्हतं, पण तुझ्या हेलिकॉप्टरसाठी मी सगळ्या गल्लीला कामाला लावलं होतं. तू म्हणालीस लोखंड नको. मग तुझ्या दोन्ही रेघांखालची तारेची कुंपणं सोडवली, बेकरीच्या छपराचे जादा पत्रे, सायकलवाल्याचं सगळं भंगार, लोखंडी फाटकं, सगळं ओळीने चालत आणवलं आणि चित्रातल्या चौकोनात रचलं, म्हणजे माझ्या परसात. तिथून काही जाणार नव्हतं ना! कुंपणाच्या तारेची केवढी तरी वेटोळी झाली. टोकं पोरांच्या डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून मी स्वतः पकडीने एकमेकांत पिळून घट्ट केली. शाळेतली सवय. ते सगळं आता या आठवड्यात लोक परत घेऊन गेले. परस कसं ओकंबोकं दिसतं आहे.

मग मी कधी निघू? तू न्यायला येशील की एकटी येऊ?

मावशी


१५ एप्रिल

मावशी! मावशी! मावशी!

अगं, तू काय करून ठेवलं होतंस! तुझं पत्र मी ऑफिसात उभ्या उभ्या वाचलं. मग हसायला लागले, मग परत रडायला लागले. पाणी देणाऱ्या बाईंना वाटलं, घरी काहीतरी वाईट झालं.

खारं पाणी नाही! तुझ्या परसाखाली ते चढलेलंच नाही. गल्लीभरची तार एका ठिकाणी, आणि वर टोकं पिळून जोडलेली! टोकं जोडलेलं तारेचं वेटोळं म्हणजे आमच्या कड्याचं धाकटं भावंड. वरून वीज सोडली की त्यात प्रवाह फिरत राहतो, फिरत राहतो. मी गणिताला विचारत होते की एवढा वेळ प्रवाह कशात रेंगाळेल, आणि त्याला बिचाऱ्याला माती, वाळू आणि पाणी यापलीकडे काही माहीतच नाही. ते म्हणालं, मग खारं पाणीच असणार. वर शेजारच्या जागा सारख्या ठेवायची अट मीच घातलेली, त्यामुळे तुझी तार त्याने गल्लीभर पसरून दिली. टोकं नुसती मोकळी सोडली असतीस तरी एवढा घोळ झाला नसता. ती प्रवाह विरण्याची रेघ इतकी साफ येत होती, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

साहेबांना सांगितलं. त्यांनी तुझं पत्र मागून घेऊन स्वतः वाचलं. तुझ्या परसावरचं सगळं टिपण काढून टाकलं आणि गणित पुन्हा लावलं. गल्लीच्या दोन्ही टोकांना चिकणमातीचा थर जागच्या जागी, वर गोडं पाणी. नकाशा जायच्या आधी दुरुस्त झाला. तुमची गल्ली आता निळी आहे! तुझ्या परसाएवढा एक ठिपका तेवढा पांढरा राहील, कारण नेमकं तिथलं आम्हाला काहीच कळलेलं नाही, आणि जिथलं कळलं नाही ते पांढरं सोडायचं असतं. पण दोन्ही बाजूंना गोडं आहे, म्हणजे मध्येही असणारच.

तर बॅगा उघड! कोंबड्या परत आण! आईने तुझ्यासाठी खिडकीपाशी पलंग लावला होता, तो काढायला सांगितला आहे. तुला आता कुठेही जायला नको. तुझं घर वाचलं, मावशी!

तुझी आनंदाने वेडी झालेली,
भिंगरी


५ मे

प्रिय मावशी,

माझं पत्र पोहोचलं ना? उत्तर का नाही? तारेवरून मी जरा जास्तच हसले, त्याचा राग आला का? गल्लीतलं कुणी तुला बोललं का? काही कळत नाही. बेकरीवाल्याच्या दुकानात फोन केला तर तो म्हणाला, "बाई बऱ्या आहेत. दार लावून असतात."

दार लावून म्हणजे काय?

भिंगरी


१० मे

चि. भिंगरीस,

पत्र पोहोचलं. राग नाही.

घर वाचलं हे चांगलं झालं. गल्लीत सगळे खूश आहेत. बेकरीवाल्याने मला खांद्यावर उचलायचं तेवढं बाकी ठेवलं. तुझं नाव झालं, साहेबही खूश असतील. तुझे कष्ट फुकट गेले नाहीत, याचं मला समाधान आहे.

बॅगा उघडल्या. कपडे परत कपाटात लावले. काय कुठे होतं ते आठवेना, त्यामुळे जरा वेळ लागला. कोंबड्या मागितल्या नाहीत. दिलेलं परत कसं मागायचं? शिवाय सायकलवाल्याच्या पोरांना त्यांचा लळा लागला आहे.

तुला एक विचारू? तू म्हणतेस पाणी गोड आहे. बाटलीही गोड निघाली. मला मात्र अजून खारटच लागतं. आता लोखंडही नाही आणि काही नाही. हे कसं? तुझ्या गणितात याचं काही उत्तर असेल तर कळव. नसेल तर राहू दे.

ताईला सांग, पलंग काढलास ते बरं केलंस. उगाच अडचण व्हायची.

मावशी


१६ मे

प्रिय मावशी,

तू मला "चि. भिंगरीस" असं कधी लिहीत नाहीस. मी दहावीत नापास झाले तेव्हाही नव्हतं लिहिलंस.

काल तुझी सगळी पत्रं काढली आणि टेबलावर ओळीने मांडली. आई म्हणाली, "काय शोधतेस?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. वाचता वाचता माझा मलाच राग यायला लागला. शिवणवाल्या काकू गेल्या, तर मी लिहिलं, बरं वाटलं. पायरीवर जागा झाली म्हणालीस, ते मी वाचलंच नाही. खिडकीतून माणसं दिसतात का असं विचारलंस, तर मला वाटलं, घर सोडायच्या कल्पनेने तू धास्तावली आहेस. बॅगा भरल्यास, तर वाटलं, किती सोसते बिचारी. दार लावून घेतलंस, तर वाटलं, माझा राग आला.

मी सुरुवातच "मावशी घर सोडून जन्मात यायची नाही" इथून केली. मग तू जे जे लिहिलंस ते त्यात बसवत गेले, आणि ते बसतही गेलं. चुकीच्या अंदाजाशीही सगळं छान जुळतं, हे मीच तुला पहिल्या पत्रात शिकवलं होतं. शहाणी मोठी!

किंवा असंही असेल की मी आता दुसऱ्या बाजूला चुकते आहे. तुला घरच हवं असेल, आणि नुसतं थकल्यासारखं झालं असेल, किंवा कोंबड्यांची आठवण येत असेल. मला खरंच कळत नाही. त्या नकाशावर तुझं घर अजून पांढरंच आहे. तिथे खाली काय आहे ते मी दोन्ही बाजूंवरून परस्पर ठरवून टाकलं, एकदाही तुला न विचारता.

म्हणून गणित ठेवलं बाजूला आणि विचारते. तुला यायचं आहे का? विहीर गोड असताना, घर शाबूत असताना, काही नाइलाज नसताना? लोकांना सांगायला काही कारण लागेल असं वाटत असेल तर ते माझ्यावर ढकल. सांग, भाचीला माझ्यावाचून करमत नाही. ते खोटं नाही.

पलंग काढलेला नाही. मी सांगितलं तेव्हा आई "हो हो" म्हणाली आणि त्याच्यावर नवी चादर घातली. मी तेव्हा तेही बघितलं नाही.

तुझी,
भिंगरी


२१ मे

भिंगरे,

हो.

हे लिहिलं आणि पेन खाली ठेवून अंगणात दोन फेऱ्या मारून आले. परत येऊन बघितलं तर तसंच आहे, म्हणून राहू देते. कारणाशिवाय कुणाकडे जाऊन राहायचं मला येत नाही गं. शाळेतसुद्धा मी विचारायची, कारण सांग, मग सुट्टी देते. मग तुझं ते खारं पाणी आलं. मला वाटलं, झालं, आता कुणाला काही सांगायला नको. तू घर वाचवलंस त्या दिवशी मला काय झालं ते मलाच कळेना. आनंद व्हायला हवा होता. पाणी पीत होते आणि थू करत होते.

विहिरीची बादली बेकरीवाल्याला देते आहे. पाणी भर आणि रोज ओढ, असं बजावलं आहे. त्याचे दंड फार सुटले आहेत. किल्लीही त्याच्याकडेच राहील. आरामखुर्ची आणते, जागा कर.

आज सकाळी पुन्हा चाखून बघितलं. गोड आहे. गोडच होतं.

आता तरी एकदाचं सांग, लिफ्ट आहे की नाही? गुडघे ताईचे नव्हेत, माझे दुखतात.

तुझी,
मावशी